एका शहरातले दोन राजीनामे

५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना पायउतार झाल्या आणि देश सोडून भारतात आल्या. सलग पंधरा वर्षं सत्तेवर असलेली बाई एका दुपारी गेली. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गावर गेलो. आमच्या शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, बातमी आणायला नाही. निम्म्या वर्गाने रात्री व्हिडिओ पाहिले होते. पहिल्या बाकावरच्या मुलाने मला विचारलं, "सर, तिकडं झालं ते चांगलं झालं की वाईट?" मी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला, "त्यांना विचार की!" आणि वर्गातल्या पाच मुसलमान मुलांकडे सगळ्यांच्या माना वळल्या. हशा पिकला. त्या पाचांतला एक जण लाल झाला. तो म्हणाला, "मला काय माहीत? मी काय ढाक्याला राहतो?"

मुलगा हजरजबाबी निघाला म्हणून प्रसंग हसण्यावारी गेला. पण मला तो दिवसभर टोचत राहिला. एक तर तो प्रश्न मलाही होता, कारण मीही मुसलमान. दुसरं म्हणजे त्या मागच्या मुलाच्या मनात काही विष होतं असं मला वाटत नाही. त्याची समजूत साधी होती. दूर कुठेतरी मुसलमान देशात काही घडलं की सगळ्या मुसलमानांना त्याबद्दल एकच काहीतरी वाटत असणार, आणि ते वर्गातल्या मुसलमानाला ठाऊक असणार. ही समजूत त्याच्या एकट्याची नाही. वृत्तवाहिन्या तीच रोज पसरवतात. आणि खरं सांगायचं तर आपल्या मोहल्ल्यातही तीच चालते, फक्त उलट्या बाजूने. आपणही म्हणतो, "आपल्या लोकांचं बरं झालं" किंवा "आपल्या लोकांचं वाटोळं झालं". हे "आपले लोक" नेमके कोण, ते कुणी विचारत नाही.

शिक्षकांच्या खोलीत सल्ला मिळाला, "सर, या भानगडीत पडू नका. पालकांचे फोन येतील." सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण आपण गप्प बसलो तर मुलं शिकायची थांबत नाहीत, ती फक्त दुसऱ्याकडून शिकतात. म्हणून मी पुढच्या आठवड्यात तीन तास काढले. मात्र बांगलादेशवर बोललो नाही. ढाक्यात अजून धूर निघत होता, रोज नवी बातमी येत होती, त्यातली खरी किती ते मलाच कळत नव्हतं. तापल्या तव्यावर हात ठेवून स्वयंपाक शिकवता येत नाही. मी निवडला इजिप्त आणि तिथला ११ फेब्रुवारी २०११ चा राजीनामा. घटना जुनी, पुढे काय झालं ते माहीत, आणि वर्गातल्या कुणाचंही त्यात काही अडकलेलं नाही.

होस्नी मुबारक हे नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, ते गेले तेव्हा लोक एकमेकांना मुबारक म्हणाले असतील." वर्ग हसला आणि तास सुरू झाला.

आधी हकिकत सांगितली. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी लष्करी संचलनात राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना गोळ्या घातल्या गेल्या. उपाध्यक्ष असलेले मुबारक आठवडाभराने राष्ट्राध्यक्ष झाले. ते हवाई दलातले, १९७३ च्या युद्धातले नावाजलेले अधिकारी. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं तेच. सादातांच्या हत्येनंतर लागू झालेली आणीबाणी त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत उठली नाही. २००५ साली पहिल्यांदा एकाहून अधिक उमेदवारांची निवडणूक झाली, आणि मुबारक यांच्या विरोधात उभे राहिलेले आयमन नूर त्याच वर्षअखेर तुरुंगात गेले. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालिद सईद नावाचा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला. त्याच्या विद्रूप चेहऱ्याचा फोटो घराघरांत पोहोचला. जानेवारी २०११ मध्ये ट्युनिशियात तेवीस वर्षं राज्य करणारे बेन अली पळून गेले. २५ जानेवारीला कैरोत माणसं रस्त्यावर आली. अठरा दिवसांनी, ११ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, उपाध्यक्ष ओमर सुलेमान यांनी टीव्हीवर अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं की मुबारक यांनी पद सोडलं आहे आणि देशाचा कारभार लष्कराच्या सर्वोच्च परिषदेकडे दिला आहे.

मग मी मुलांना विचारलं, "आता सांगा, लोकांना काय वाटलं असेल?" सगळे एका सुरात म्हणाले, "आनंद!"

इथूनच खरा धडा सुरू होतो, असं माझं मत आहे. लोक म्हणजे कोण, हे मुलांना शोधायला लावलं पाहिजे. फळ्यावर मी चार प्रश्न लिहिले. बोलणारा कोण आहे? तो कोणत्या दिवशी बोलतोय? या माणसाच्या जाण्याने त्याचं काय जाणार आणि काय येणार? त्याने स्वतः काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं? मग वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेक माणूस दिला.

पहिल्या गटाला तहरीर चौकातला तरुण. भाकरी, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय मागणारा. २ फेब्रुवारीला घोड्यांवर आणि उंटांवर बसून आलेल्या जमावाचा मार खाल्लेला. त्याच्या आनंदाला काही स्पष्टीकरण लागत नाही.

दुसऱ्या गटाला त्या उंटावरचा माणूस. पिरॅमिडच्या पायथ्याशी पर्यटकांना फिरवून पोट भरणारा. आंदोलन सुरू झालं, पर्यटक पळाले, पिरॅमिड बंद झाले, आणि त्याच्या उंटाला चारा घालायचीही पंचाईत झाली. काही म्हणतात हे लोक धंदा बुडाला म्हणून चिडून आले, काही म्हणतात सत्ताधारी पक्षाने त्यांना पाठवलं. त्या प्रकरणात खटला झाला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळे आरोपी सुटले. मुलांनी इथे बराच वाद घातला. एका मुलीचं म्हणणं पडलं की दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, भुकेल्या माणसाला पाठवणं सोपं असतं. नववीतल्या मुलीने हे म्हणावं, याहून मला त्या दिवशी अधिक काही नको होतं.

तिसऱ्या गटाला कॉप्टिक ख्रिश्चन बाई. २०११ साल उजाडलं तेच अलेक्झांड्रियात चर्चबाहेरच्या स्फोटाने, वीसहून अधिक माणसं मेली. त्यांचे धर्मगुरू पोप शेनूदा यांनी मुबारक यांची बाजू घेतली, कारण नंतर येणारे आपलं काय करतील याची धास्ती होती. पण त्याच समाजातली तरुण मुलं चौकात होती आणि मुसलमान नमाज पढत असताना त्यांच्याभोवती हात धरून कडं करून उभी होती. म्हणजे एकाच घरात आई घाबरलेली आणि पोरगा चौकात, असंही असेल.

चौथ्या गटाला घरात बसून टीव्ही बघणारा निवृत्त कारकून. १ फेब्रुवारीच्या रात्री मुबारक भाषणात म्हणाले की मी पुन्हा निवडणूक लढवणार नाही, आणि याच भूमीवर मला मरण येईल. ते ऐकून कितीतरी लोकांचे डोळे पाणावले. म्हातारा माणूस आहे, सहा-सात महिने राहू द्या, असं म्हणणारे घराघरांत होते. दुसऱ्याच दिवशी उंट-घोड्यांचा हल्ला झाला आणि त्यांतल्या अनेकांचं मन फिरलं. "कोणत्या दिवशी बोलतोय" हा प्रश्न मी का लिहिला होता, ते मुलांना इथे कळलं.

पाचव्या गटाला देशाबाहेरचे. सौदी राजे अब्दुल्ला यांनी मुबारक यांना फोन करून पाठिंबा दिला आणि आंदोलकांवर टीका केली. तुर्कस्तानच्या एर्दोगान यांनी लोकांचं ऐका असं मुबारक यांना जाहीरपणे सुनावलं. गाझामध्ये लोक नाचले, कारण इजिप्तने आपल्या बाजूची सीमाही बंद ठेवली होती. इस्रायलच्या सरकारला १९७९ च्या शांतता कराराची काळजी लागली. अमेरिकेने तीस वर्षं या माणसाला मदत दिली होती. जानेवारीअखेर उपाध्यक्ष बायडन त्यांना हुकूमशहा म्हणायला तयार नव्हते, आणि ११ फेब्रुवारीला ओबामा इजिप्तच्या जनतेचं कौतुक करत होते. इराणचं उदाहरण तर मुलांनी पाठच केलं. इराणच्या सर्वोच्च नेत्याने इजिप्तच्या उठावाला इस्लामी जागृती म्हणून शाबासकी दिली. मग इराणमधल्याच विरोधी नेत्यांनी इजिप्तच्या समर्थनार्थ मोर्चाची परवानगी मागितली, तेव्हा ती नाकारली आणि त्या नेत्यांना घरात कोंडून ठेवलं. दूरच्या क्रांतीला टाळ्या, घरच्या मोर्च्याला कुलूप.

आपला भारतही यात आहे. याच मुबारक यांना भारताने १९९५ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला होता. तो घ्यायला ते नोव्हेंबर २००८ मध्ये दिल्लीला आले होते. "मग आपण चुकलो का?" असं एकाने विचारलं. मी म्हटलं, "देश देशाशी बोलतो तेव्हा तिथल्या तुरुंगात कोण आहे ते बहुतेक वेळा विचारत नाही. विचारावं की नाही, ते तू मोठा झालास की ठरव."

दुसऱ्या तासाला मी त्यांना त्याच शहरातला आधीचा राजीनामा सांगितला. जून १९६७. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने इजिप्तची दाणादाण उडवली, सिनाई गेलं. ९ जूनच्या संध्याकाळी गमाल अब्देल नासर टीव्हीवर आले, पराभवाची जबाबदारी घेतली आणि आपण पद सोडत आहोत असं जाहीर केलं. काही वेळातच कैरोचे रस्ते माणसांनी भरले. लोक रडत होते, जाऊ नका म्हणत होते. दुसऱ्या दिवशी नासर यांनी राजीनामा मागे घेतला आणि २८ सप्टेंबर १९७० रोजी मरेपर्यंत ते राष्ट्राध्यक्ष राहिले. त्या रात्रीची गर्दी मनापासूनची होती की पक्षाने उभी केलेली, यावर अजून वाद आहे. बहुधा दोन्हीचं मिश्रण असावं.

वर्ग गोंधळला. हरलेल्या माणसाला लोकांनी ठेवून घेतलं आणि १९७३ च्या युद्धातल्या नावाजलेल्या अधिकाऱ्याला घालवलं? मी म्हटलं, याचं उत्तर शोधा. त्यांनी शोधलं. नासर यांनी जमीनदारांच्या जमिनी वाटल्या होत्या, सुवेझ कालवा परत मिळवला होता, गरिबाच्या पोराला कॉलेजचा दरवाजा उघडला होता. लोकांना वाटत होतं की हा गेला तर हरण्यापलीकडे आणखी काहीतरी जाईल. मुबारक यांच्या बाबतीत २०११ साली फार थोड्यांना तसं वाटलं. पण मी त्यांना हेही सांगितलं की नासर यांच्या तुरुंगांतही माणसं सडत होती, आणि त्या तुरुंगात ज्यांचे बाप होते त्यांना ९ जूनची संध्याकाळ वेगळी वाटली असणार. गर्दी दिसते, घरात बसलेले दिसत नाहीत.

आता माझ्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाकडे येतो. एक मित्र म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण तुम्ही मुलांना शिकवताय की ज्याची त्याची बाजू बरोबर. म्हणजे जुलमाला जुलूम म्हणायचंच नाही का?" आक्षेप गंभीर आहे. प्रतिक्रिया समजून घेणं आणि ती मान्य करणं यांतला फरक आपण स्पष्ट केला नाही, तर मुलं खरंच निबर होतील. म्हणून फळ्याचा एक कोपरा मी फक्त घडलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवला होता. त्या अठरा दिवसांत किमान ८४६ माणसं मारली गेली, हे सरकारी चौकशी समितीनेच सांगितलं. आणीबाणी तीस वर्षं होती. २८ जानेवारीला इंटरनेट बंद केलं होतं. या गोष्टी कुणाच्या आवडीनिवडीच्या नाहीत. उंटवाल्याची भूक खरी असली तरी ८४६ मधला एकही कमी होत नाही. घाबरलेल्या बाईची भीती समजून घ्यायची, आणि तरी विचारायचं की तुझ्या सुरक्षिततेसाठी शेजाऱ्याच्या मुलाला मार खाऊ द्यायचा का. मुलांना मत बनवू द्यावं. फक्त ते चार प्रश्नांच्या आधी बनू नये, एवढाच माझा आग्रह.

तिसरा तास मी पुढचं सांगण्यात घालवला, कारण प्रतिक्रिया त्या रात्रीपुरत्या नसतात. लष्कराच्या राज्यात, ९ ऑक्टोबर २०११ रोजी, कैरोत मास्पेरोसमोर वीसहून अधिक कॉप्टिक निदर्शक मारले गेले. जून २०१२ मध्ये मोहम्मद मुर्सी निवडून आले. मुस्लिम ब्रदरहूडचा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून काही लोक हरखले, काही धास्तावले. वर्षभरात पुन्हा लाखो लोक रस्त्यावर आले, आणि ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने मुर्सींना हटवलं. ज्यांनी २०११ साली एकत्र मार खाल्ला होता त्यांतले काही त्या रात्री नाचत होते आणि काही राबा अल-अदविया चौकात धरणं धरून बसले होते. १४ ऑगस्टला ते धरणं मोडताना एका दिवसात शेकडो माणसं मेली. मुर्सी २०१९ मध्ये न्यायालयात सुनावणी चालू असताना कोसळले आणि वारले. मुबारक मात्र २०१७ मध्ये आंदोलकांच्या हत्येच्या खटल्यातून निर्दोष सुटले, आणि २५ फेब्रुवारी २०२० रोजी एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. लष्करी इतमामात त्यांचा दफनविधी झाला, तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा झाला. भाषणात म्हटल्याप्रमाणे त्यांना त्याच भूमीवर मरण आलं.

"मग त्या लोकांनी उगाच आनंद केला का?" हा प्रश्न येणारच होता. मी म्हटलं, आनंद करणाऱ्यांना पुढचं माहीत नव्हतं. पुढचं माहीत असलेल्या माणसाने मागच्यांना मूर्ख म्हणणं सोपं असतं. पण आपण बघायचं ते हे की राजीनामा दिला एका माणसाने, आणि कारभार गेला कुणाकडे? सुलेमान यांच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या निवेदनात ते सांगितलेलं होतं. टाळ्यांच्या आवाजात दुसरं वाक्य फार थोड्यांनी ऐकलं.

आता मुसलमान वाचकांशी दोन शब्द. वरची सगळी यादी पुन्हा पाहा. गोळी घालणारा पोलीस बहुतेक मुसलमान, गोळी खाणारा बहुतेक मुसलमान. पाठिंबा देणारा राजा मुसलमान, नाचणारा गाझावासी मुसलमान, घरात कोंडलेला इराणी विरोधक मुसलमान. धरणं धरणारा आणि धरणं मोडणारा दोघेही जुम्म्याला मशिदीत जाणारे. या गोष्टीत "मुसलमानांची प्रतिक्रिया" अशी वस्तू कुठे सापडत नाही. मग आपल्या पोरांना आपण अशी एकच प्रतिक्रिया का शिकवतो? उम्मत या शब्दाचा अर्थ एकमेकांच्या दुःखाची जाण असा घ्यावा. तो "आपल्या माणसाचा जुलूम झाका" असा नाही. ट्रम्पेट वाजवत येणाऱ्या प्रत्येक नेत्याला सलाहुद्दीन समजायची आपली सवय जुनी आहे, आणि ती आपल्याला दर वेळी तोंडघशी पाडते.

आणि इतर वाचकांना एवढंच सांगेन. पुढच्या वेळी दूरच्या देशात काही झालं तर वर्गात, कचेरीत, रेल्वेच्या डब्यात मान वळवण्याआधी क्षणभर थांबा. ज्याच्याकडे तुम्ही वळताय त्याला त्या देशाबद्दल तुमच्याइतकीच माहिती असते, म्हणजे टीव्हीवर आली तेवढी. शेजारी म्हणून मत विचारा, जरूर विचारा. आरोपी म्हणून जबाब मागू नका.

तिसऱ्या तासाच्या शेवटी मागच्या बाकावरचा तोच मुलगा उभा राहिला. "सर, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?" टाळता आलं असतं, पण तीन तास दुसऱ्यांना चार प्रश्न विचारल्यावर स्वतः सुटून जाणं बरं दिसलं नसतं. मी खरं सांगितलं. त्या रात्री आपल्याकडे साडेनऊच्या सुमारास बातमी आली. मी मोहल्ल्यातल्या नाक्यावर जाऊन सगळ्यांना चहा पाजला. आखातात बरीच वर्षं ड्रायव्हरकी केलेले एक चाचा तिथे बसले होते. त्यांच्याबरोबर इजिप्तची माणसं कामाला असत. ते म्हणाले, "बेटा, चहा पितो, पण ती माणसं घरी फोन करताना नाव घेऊन बोलायची नाहीत. ती भीती एका रात्रीत जाईल का, बघू." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. म्हाताऱ्यांना कशातच आनंद नसतो, असं वाटलं होतं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. ते मला काही म्हणाले नाहीत.

मुलाने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग चहा पाजला ते चुकलं का, सर?"

मी म्हटलं, "नाही. चाचांना विचारायला हवं होतं की त्यांनी काय पाहिलंय. ते राहिलं."

घंटा झाली. बाहेर पडताना तो मुलगा आणि ढाक्याला न राहणारा मुलगा इंटरनेट नेमकं बंद कसं करतात यावर वाद घालत चालले होते.